तुझ्या तोंडून ऐकलेली माझी लेक

विजू,

तू गेल्यावर लोक तुझ्याबद्दल काय बोलले, ते मला अजून नीट कळलेलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका खाली तुमच्या हॉलमध्ये बसत, रुमाल डोळ्यांना लावत आणि मग बोलायला लागत. त्यांचे ओठ हलताना दिसत. मधेच सगळ्या एकदम हसत, म्हणजे तुझा काहीतरी किस्सा निघाला असणार. मग परत डोळे पुसत. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून त्या हसल्या की हसत होते, गप्प झाल्या की गप्प होत होते. एरवी अशा वेळी माझ्या डाव्या हाताला बसून, समोर बघत, जेमतेम ओठ हलवून "मुद्द्याचं ऐका, ताई" म्हणत सगळा सारांश सांगणारी या घरात एकच बाई होती. तिच्याच फोटोला हार घातला होता.

एकीनं माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी मान हलवत राहिले. ती गेल्यावर ह्यांना विचारलं, तर ह्यांनी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "अगं, तुमच्यासारख्या जावा पाहिल्या नाहीत म्हणाली ती!"

खरं असेल तिचं. भांड्यांवरून, दागिन्यांवरून, कुणाच्या माहेरून काय आलं यावरून आपण कधी भांडलो नाही. पण जावांमध्ये जे असायचं ते आपल्यातही होतं, आणि ते माझ्याकडूनच जास्त होतं. मला तुझा मत्सर वाटायचा. तू गेलीस म्हणजे तो संपायला हवा होता. संपलेला नाही. उलट त्याला आता एक नवीन कारण मिळालं आहे. तू धाकटी. माझ्या मागून या घरात आलीस, तर माझ्या मागूनच जायचंस. तिथंही पुढं घुसलीस. आणि घर सगळं तुझ्यासाठी रडतं आहे.

हे सगळं कानांपासून सुरू झालं, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

ज्येष्ठ नागरिक संघाचं ते आरोग्य शिबिर आठवतं? साखर तपासायला रांग, रक्तदाबाला रांग, आणि कान तपासायच्या टेबलापाशी चिटपाखरू नाही. तिथले डॉक्टर बिचारे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "डोळ्यांचा नंबर दरवर्षी बघता, मग कान काय शोभेला आहेत का? त्रास नसला तरी तपासून घ्यावेत." त्यावर माझ्याकडे पाठ करून, त्या गलक्यात तू काहीतरी म्हणालीस आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसले. रिक्षात बसल्यावर तूच मला सांगितलंस, की तू म्हणाली होतीस, "डॉक्टर, आमच्या ताईंचे खरंच शोभेला आहेत. फक्त कुड्या घालायला ठेवलेत." माझ्यावरचा विनोद मला समजावा म्हणून तूच तो परत सांगितलास, आणि परत एकदा तितकंच हसलीस. मी पंचवटी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

पण त्या विनोदानंच मला शरणपूर रोडवरच्या त्या दवाखान्यात नेलं. भिंतींना जाड कापड लावलेली, कपाटाएवढी खोली. कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. आधी तू आत गेलीस, मग मी. काचेपलीकडून तू मला अंगठा दाखवत होतीस, परीक्षेला बसलेल्या पोराला आई दाखवते तसा. मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेली बाई. शांतता ही माझी नोकरी होती. त्या खोलीत मला पहिल्यांदा शांततेची भीती वाटली, कारण ती शांतता खरी आहे की शिट्टी वाजते आहे आणि माझ्यापर्यंत पोचत नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

मग आलेख आले. उजव्या कानाची तांबडी रेघ, डाव्या कानाची निळी. तुझ्या दोन्ही रेघा दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारख्या सरळ. माझ्या सुरुवातीला बऱ्या आणि मग कसाऱ्याचा घाट लागल्यासारख्या खाली. कान तपासणाऱ्या मॅडम तुझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी कागदावर बोट ठेवून मला समजावलं, "काकू, जाड आवाज तुम्हाला छान येतात. बारीक येत नाहीत. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते निसटतं. बायकांचे, लहान मुलांचे आवाज आधी जातात."

"म्हणजे यांचे यजमान ऐकू येतात यांना?" तू विचारलंस.

"येत असतील."

"अरेरे," तू म्हणालीस. "जे ऐकायचं ते गेलं, आणि जे रोज तेच तेच असतं ते राहिलं."

मॅडमना हसू आवरेना. मलाही आवरलं नाही, कारण हे मला ऐकू आलं होतं. तुझं सगळंच मला ऐकू यायचं. तुझा आवाज घोगरा. तुला पाहून आल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे, पण आवाज फाटका." गॅसवाले फोनवर तुला 'सर' म्हणायचे आणि तू "हां, बोला" म्हणून सरांसारखंच दटावायचीस. माझा आवाज मात्र बारीक, गोड. मंगळागौरीला गाणी मी म्हणायची आणि तू मागून पेटीतली बिघडलेली पट्टी वाजवावी तशी साथ करायचीस. त्या काळात मला तुझी कीव यायची. आणि म्हातारपणी काय झालं, तर माझ्या आलेखात जेवढी जागा शिल्लक राहिली होती, तेवढ्यात नेमका तुझा फाटका आवाज बसला. आणि माझा गोड आवाज जसाच्या तसा घेऊन जन्मलेली माझी अनघा त्या जागेच्या बाहेर पडली.

तिथून पुढं दर दिवाळीनंतर, फराळाचे डबे रिकामे झाले की, आपण दोघी जाऊन कान तपासून यायचो. तुझ्या दृष्टीनं ती वार्षिक परीक्षा होती. बाहेर आल्यावर तू दोन्ही कागद शेजारी शेजारी धरायचीस. घरी आल्यावर भाऊजींना स्वतःचा दाखवायचीस, "बघा, ह्याही वर्षी पहिली." भाऊजी चष्मा लावून गंभीरपणे बघायचे आणि म्हणायचे, "मग जरा कमी ऐकत जा." कॉलेज रोडला कॉफी प्यायला थांबलो की वेटर काय काय आहे ते तुलाच सांगायचा. माझ्याकडे बघायचा, मग तुझ्याकडे वळायचा. हळूहळू सगळेच तुझ्याकडे वळले. भाजीवाली, डॉक्टर, लग्नात भेटलेली माझीच मैत्रीण. बोलणं माझ्याशी, नजर तुझ्याकडे. मी मधे बसवलेल्या देवासारखी. नैवेद्य मला दाखवायचा आणि वाढायचा पुजाऱ्याला.

आणि अनघा.

मला ती मेसेज करायची, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. "जेवलीस का", "गोळी घेतलीस का", हैदराबादच्या घराच्या खिडकीतल्या कुंडीचा फोटो. फोन मात्र तुला. सुरुवातीला मलाही करायची. तिकडून ती मोठ्यानं बोलायची, मी "काय?" म्हणायची, ती परत, मी परत. शेवटी दोघी "बरं, बरं" म्हणून ठेवून द्यायचो. मग एकदा तू मधे फोन घेतलास आणि तो तुझ्याकडेच राहिला. संध्याकाळी दिवे लागले की खाली तुझं बोलणं सुरू व्हायचं. मला वर शब्द यायचे नाहीत, तुझ्या आवाजाची घरघर यायची. मग जिन्यात पावलं, हातात वाटी, आणि "मुद्द्याचं ऐका, ताई. तुमच्या लेकीनं आज साहेबाला सुनावलं."

"काय म्हणाली नक्की?"

"तेच की. तुमचं काम तुम्ही करा म्हणाली."

"तिचे शब्द सांग ना."

"अहो, पुस्तक आहे का ते, शब्दन् शब्द द्यायला?"

तुला कधी कळलं नाही, की मला तेच हवं होतं. मी जन्मभर मूळ पुस्तकं जपली, आणि माझ्या स्वतःच्या मुलीची मला रोज संक्षिप्त आवृत्ती मिळत होती. तीही अशी रंगवलेली, की त्यात अनघा किती आणि तू किती, हे ओळखू येऊ नये. तुला दोन मुलगे. दोघंही भाऊजींवर गेलेले, फोनवर "हो" आणि "नाही" यापलीकडे शब्द खर्च न करणारे. तुला बोलणारी मुलगी हवी होती हे मला ठाऊक होतं. पण म्हणून माझी? दिवाळीला ती आली की बॅग वर माझ्याकडे ठेवायची आणि स्वतः खाली तुझ्या ओट्यापाशी. मी वरून हाक मारली की दोघी एकदम वर बघायच्या, एकसारख्या चेहऱ्यानं. तू मधे हैदराबादला भाचीच्या वास्तुशांतीला गेलीस आणि आठवडाभर अनघाकडेच राहिलीस, तेव्हा मी घरात कुणाशी धड बोलले नव्हते. येताना माझ्यासाठी मोत्यांच्या कुड्या आणल्यास. मी त्या घातल्या. पण छान आहेत म्हणाले नाही.

गेल्या वर्षीच्या तपासणीला मॅडमनी जरा कडक शब्दांत सांगितलं. "काकू, दरवर्षी तुम्ही येता, दरवर्षी मी सांगते. दोन्ही कानांना मशीन लावा. फार दिवस शब्द कानावर पडले नाहीत, की मेंदू ते ओळखायची सवय सोडतो. मग मशीन लावूनही तितका उपयोग होत नाही."

माझ्या आधी तू बोललीस. दरवर्षीसारखंच. "कशाला ते मशीन? मी आहे ना."

रिक्षात मी तुला विचारलं, "आणि तू नसलीस तर?"

"मी तुमच्यापेक्षा धाकटी आहे, ताई. हिशेब कच्चा आहे का तुमचा?"

"अनघा जे सांगते ते सगळं मला सांगतेस तू?"

तू एवढी बोलकी, पण तेव्हा सीबीएसच्या सिग्नलला रिक्षा थांबून परत सुटली, तरी बोलली नाहीस. मग म्हणालीस, "माझ्यानं सांगण्यासारखं असतं तेवढं सांगते."

"म्हणजे?"

"म्हणजे तेवढं."

ते भांडण तसंच राहिलं. मी मनातल्या मनात ते वर्षभर पुढं चालवलं. त्यात दरवेळी मी जिंकायची. समोरासमोर काढायचं धाडस झालं नाही, कारण तू चिडून वर येणं बंद केलंस तर मला कोण होतं? आणि मग या दिवाळीत फराळ डब्यात असतानाच तुझ्या छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. त्या गडबडीत भाऊजी मला काय सांगत होते तेही मला कळलं नाही. त्यांचा चेहरा बघून कळलं.

तेराव्यानंतर भाऊजी वर आले. हातात तुझा फोन. दवाखान्याचा मेसेज होता, दोघींच्या तपासणीची आठवण करून देणारा. वेळ तू आधीच घेऊन ठेवली होतीस. भाऊजींनी तो माझ्यासमोर धरला आणि अगदी सावकाश, मला ओठ दिसतील असं विचारलं, "वहिनी, जाता का? मी सोडतो."

मॅडमनी माझ्या मागं दाराकडे बघितलं. "आणि घोगऱ्या काकू?" मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी मला आत नेलं. काचेपलीकडं या वेळी कुणी अंगठा दाखवायला नव्हतं. आलेख अजून खाली आला होता. त्यांनी वापरून बघायची दोन मशीनं माझ्या कानांवर बसवली.

पहिल्यांदा ऐकू आला तो कागद. त्यांनी माझी फाइल उघडली आणि तो इतका करकरीत वाजला की मी दचकले. मग पंखा. माझ्या बांगड्या. माझं स्वतःचं बोलणं, परकं आणि पातळ. त्या म्हणाल्या, "घरच्या कुणाशी तरी फोनवर बोलून बघा." मी अनघाला फोन लावला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

मला शब्द आले, विजू. 'बाबा' मधला बा, 'बरे' मधला रे. माझ्या आईच्या वळणाचा, माझ्या वळणाचा बारीक आवाज. मी सांगितलं की मशीन लावलं आहे, ऐकू येतं आहे. ती म्हणाली, "अय्या, खरंच? बरं थांब, आत्ता मीटिंग आहे. पण मुद्द्याचं ऐक, ते काढू नकोस. संध्याकाळी बोलते."

मुद्द्याचं ऐक. आणि ते म्हणण्याआधी जरासं थांबणं, आणि शेवटच्या शब्दावर उतरणं. आवाज माझा आणि चाल सगळी तुझी. इतकी वर्षं मला वाटायचं की माझी मुलगी मला तुझ्या तोंडून ऐकावी लागते. आता मधे तू नव्हतीस, तरी तिच्या तोंडून तूच बोलत होतीस. मॅडमनी विचारलं, "स्पष्ट येतंय?" मी म्हणाले, "फार स्पष्ट." त्या खूश झाल्या. मला मात्र त्या क्षणी तुझा इतका राग आला होता, की तू समोर असतीस तर पंचवटीच काय, पार ओझरपर्यंत तुझ्याशी बोलले नसते.

संध्याकाळी फोन आला. मी तोच प्रश्न विचारला, जो तुला विचारला होता. "काकूला रोज काय सांगायचीस?"

तिनं उलट विचारलं, "आई, तुला खरंच सगळं ऐकू येतंय?"

"येतंय."

"हळू बोलले तरी?"

"बोल."

तिनं हळू आवाजात सांगितलं. तू वास्तुशांतीला म्हणून गेली होतीस, तेव्हा वास्तुशांत कुणाचीच नव्हती. अनघाचा गर्भ टिकला नव्हता. बरेच महिने भरले होते. तू जाऊन तिच्याजवळ राहिलीस. मी इकडे मोत्यांच्या कुड्या घालून तुझ्यावर रुसून बसले होते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कसं सांगू, आई? ओरडून सांगावं लागलं असतं. शेजारी ऐकू जाईल असं. ती गोष्ट ओरडून सांगता येत नव्हती गं."

"लिहायचं होतंस."

"लिहिलं होतं. पाठवलं नाही. वाचून तू फोन केला असतास, आणि मग परत ओरडणंच आलं असतं."

"काकूनं तरी मला सांगायचं."

"मी तिला म्हटलं होतं, तूच सांग आईला. नाही म्हणाली. म्हणाली, बाकी सगळे निरोप नेईन, हा नाही नेणार. हे आईनं तुझ्याच आवाजात ऐकायला हवं."

विजू, हे तुला एवढं कळत होतं, तर मग मॅडमसमोर दरवर्षी "मी आहे ना" कशाला म्हणत राहिलीस? माझ्या मुलीचा आवाज मला मिळायला हवा हेही तुला वाटत होतं, आणि तो तुझ्याकडून सुटायलाही नको होता. असंच ना? मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. कधी वाटतं तू माझ्यावर माया केलीस, कधी वाटतं माझ्या घरातलं सगळ्यात मोलाचं तू गोड बोलून नेलंस. दोन्ही खरं असावं. तू असतीस तर यावर काहीतरी खवचट बोलून मोकळी झाली असतीस. आता हे दोन्ही मलाच सांभाळायचं आहे.

मी अनघाला विचारलं, "काकू काय बोलली तुझ्याशी तेव्हा?"

"काहीच नाही."

"विजू? काहीच नाही?"

"खरंच काही नाही. डोक्याला तेल लावायची. खिचडी करायची. बसून राहायची. पूर्ण आठवडा ती गप्प होती, आई. मीच कधीतरी बोलायचे."

तुझी बडबड मी जन्मभर ऐकली. तुझे टोमणे, तुझे सारांश, तुझं ते फाटक्या आवाजातलं हसू, सगळं माझ्या वाट्याला भरपूर आलं. तुझं गप्प बसणं तेवढं आलं नाही. ते तू तिच्यासाठी ठेवलं होतंस. आजवर तुझ्या ज्या ज्या गोष्टींचा मला हेवा वाटला, त्यात हा सगळ्यात खोल आहे. माझ्या लेकीच्या उशाशी गप्प बसायचा हक्क माझा होता, आणि त्या वेळी तो बजावणं मला जमण्यासारखं नव्हतं. तू तो माझ्याऐवजी बजावलास. चांगला बजावलास. ज्याबद्दल तुझे पाय धरावेत त्याचीच मला इतकी असूया वाटते, हे लिहितानाही मला बरं वाटत नाही. पण तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार?

मग अनघा रडायला लागली. "काकू गेली गं, आई." हुंदका, श्वास, नाक ओढणं, सगळं ऐकू येत होतं. ती मोठी झाल्यावर तिचं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्यासाठीचं. मी तिची समजूत घातली नाही. माझ्याशी सगळे जसं मोठ्यानं बोलतात तसं मोठ्यानंही बोलले नाही. फोन धरून ऐकत राहिले. ती थांबेपर्यंत.

नाक पुसून तिनं विचारलं, "उद्या कधी करू फोन?"

"काकूला करायचीस त्याच वेळी," मी म्हणाले.

ती वेळ मी घेतली, विजू. तुला विचारलं नाही.